थंडीत हळू चालवायची हिंमत

पहाटे पावणेपाचचा अलार्म. खोलीत अंधार, रूममेटचं घोरणं आणि बाहेर कडाक्याची थंडी. गोधडीतून पाय बाहेर काढणं हाच दिवसातला पहिला घाट. तो चढला की उरलेलं सोपं, असं मला गेल्या वर्षीपर्यंत वाटायचं. पण गेल्या थंडीत मी गोधडीला हरवलं आणि रस्त्यावर सपाटून हरलो.

झालं असं, की दिवाळीनंतर आमच्या ग्रुपला जाम जोर चढला. रोज कात्रज, नाहीतर बोपदेव. शनिवारी सिंहगड. रोज कोणीतरी पुढे सुटायचं, मग बाकीचे पिसाटल्यासारखे मागे. घरी आलं की पहिलं काम स्ट्राव्हा उघडून आकडे बघणं. दोन महिने मी एकही दिवस हळू चालवली नाही. जानेवारीत झोप उडाली, सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी ५२ वरून ६१ वर गेली आणि विद्यापीठाच्या निवड चाचणीत पहिल्याच चढाला मी मागे पडलो. सर एवढंच म्हणाले, ‘‘तू रोज अर्धवट दमतोस. ना धड विश्रांती, ना धड मेहनत.’’

वेळापत्रक कोणाचं?

इंटरनेटवरचे बहुतेक ट्रेनिंग प्लॅन युरोपच्या हवामानावर बेतलेले असतात. तिकडे फेब्रुवारीच्या शेवटी बेल्जियममधल्या शर्यतींनी हंगाम तापायला लागतो आणि टूर द फ्रान्स येते जुलैमध्ये. त्यामुळे बर्फाच्या दिवसांत तिकडचे रायडर घरात ट्रेनरवर घाम गाळतात, नाहीतर स्पेनमधल्या मायोर्का, काल्पे अशा उबदार ठिकाणी शिबिरं लावतात. आपलं गणित वेगळं आहे. महाराष्ट्रात थंडी म्हणजे सायकलिंगचे सगळ्यात चांगले दिवस आणि बऱ्याच शर्यतीही याच दिवसांत. म्हणजे आपला ‘ऑफ सीझन’ खरं तर पावसाळा. तिकडचा डिसेंबर इकडे चिकटवला तर ऐन शर्यतीच्या वेळी आपण पाया खणत बसतो. पाया पावसाळ्यानंतर लगेच घालायला घ्यायचा आणि थंडीत त्यावर भिंती चढवायच्या.

बोलता येतंय का?

पाया म्हणजे काय, तर लांब आणि निवांत राइड. तांत्रिक भाषेत ‘झोन टू’. महागडा पॉवर मीटर नसला तरी चालतं, कसोटी फुकट आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली की समजा वेग जास्त झाला. अशा राइडमुळे स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकॉण्ड्रिया वाढतात आणि शरीर चरबी जास्त जाळायला शिकतं. मग स्नायूंतला साखरेचा साठा शेवटच्या घाटासाठी शिल्लक राहतो. हे व्हायला आठवडेच्या आठवडे जातात, घाई करून काही होत नाही.

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की त्यांची साधारण ८० टक्के सत्रं सोपी असतात. उरलेली २० टक्के मात्र खरंच जीव काढणारी. आम्ही मधल्याच पट्ट्यात लटकलो होतो.

यंदाचा माझा आठवडा असा : सोमवारी सुट्टी. मंगळवारी घाटात आठ-आठ मिनिटांचे चार जोरकस चढ. बुधवार, गुरुवार दीड तास निवांत. शुक्रवारी फक्त जिम, स्क्वॉट आणि डेडलिफ्ट. शनिवारी छोटी, पण जोरदार राइड. रविवारी चार तास, गप्पा मारत. दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर. सबमिशन किंवा पेपर असेल तर आधी राइड कापायची, झोप नाही. शरीर सावरतं ते झोपेतच.

थंडीचे सापळे

थंड हवा घन असते. तापमान ३० अंशांवरून १० वर आलं की हवेची घनता साधारण सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे तेवढाच जोर लावूनही वेग कमी दिसतो. तेव्हा आकडे बघून खचू नका. तहान लागत नाही म्हणून बाटली भरलेलीच परत येते, तेही चुकीचं. दोन तासांच्या पुढे जायचं असेल तर खिशात केळी, चिक्की, खजूर हवेतच. सोबतच्या मुलींसाठी आणखी एक : खाणं कमी आणि सराव जास्त झाला की पाळी अनियमित होऊ शकते. ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन तर सगळ्यांनीच तपासून घ्यावं.

आणि रस्ता! थंडी म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. पहाटेच्या धुक्यात उसानं भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर येते. पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि चमकणारं जॅकेट याला पर्याय नाही. जोरकस सराव उजाडल्यावरच करा.

यंदाची बारी

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी सर करणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. ते स्वप्न अजून लांब आहे. मला तूर्तास विद्यापीठाच्या संघात जागा हवी आहे. कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटची संधी. निवड चाचणीला सहा आठवडे राहिलेत. बुधवारी मी निवांत जात असतो आणि जुना ग्रुप ‘काय रे, पंक्चर का?’ ओरडत पुढे निघून जातो. तेव्हा पाय शिवशिवतात, खोटं कशाला बोलू. पण नाडी परत ५३ वर आली आहे आणि मंगळवारचा चौथा चढ पहिल्याइतक्याच वेळात होतोय.

जाता जाता जुन्या रायडरांची एक युक्ती. घाट चढून घामानं भिजलेल्या अंगानं उतारावर सुटलं की छातीत गारठा भरतो. म्हणून माथ्यावर थांबून जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवायची. टूर द फ्रान्सच्या उंच घाटांवरही रायडर हेच करत आले आहेत. तेव्हा ही पुरवणी वाचून झाली की रद्दीत टाकू नका. उद्या पहाटे कामाला येईल.