चालत्या मागावरील नक्षीबदल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी व टॉवेल विणणारा यंत्रमाग ज्याने जवळून पाहिला आहे, त्यास संगणकशास्त्रातील एक अवघड प्रश्न समजावून देणे फारसे कठीण नाही. वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळांची नित्याची कामे एकदाच रचून ठेवणारा आज्ञावलीचा सांगाडा. तो चालू असतानाच त्याचे नियम बदलले, तर हाती असलेल्या अर्धवट कामाचे काय व्हावे, हा तो प्रश्न होय.

प्रथम मागाचा विचार करू. साध्या मागावर ताण्याचे कोणते धागे केव्हा उचलावयाचे, हे मागाच्या घडणीतच ठरलेले असते. वीण बदलावयाची तर माग थांबवून त्याचे भाग बदलावे लागतात. जोसेफ मारी जाकार या फ्रेंच विणकराने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्राने नक्षी मागापासून वेगळी केली. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची एक माळ असते व बाण्याच्या प्रत्येक फेकीस तिच्यातील एक कार्ड पुढे येते. भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे तो खालीच राहतो. माग तोच, पण माळ बदलली की मोराच्या जागी वेल येते. सोलापुरी चादरीवरील नक्षी याच जॅकार्डची. पुढे पुठ्ठ्याची जागा विद्युत्संकेतांनी घेतली, तरी तत्त्व बदलले नाही.

फ्रेमवर्कला स्क्रिप्टची जोड देणे म्हणजे त्यास जॅकार्ड बसविणे. गाभा सी सारख्या भाषेत लिहून यंत्रभाषेत उतरविलेला असतो. तो वेगवान, पण ताठर. त्याच्या पोटात एक लहान दुभाषा बसवितात. तो स्क्रिप्टचा मजकूर चालत्या वेळी वाचून गाभ्याकडून काम करून घेतो. रिओ दि जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली लुआ ही भाषा अशा कामासाठी विशेष योग्य ठरली आहे. (पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र.) एन्जिनएक्स या सर्व्हरमध्ये लुआ बसवून ओपनरेस्टी हा संच तयार झाला.

आता मजकूर बदलला हे चालत्या यंत्रास कळावे कसे? सर्वांत सोपा मार्ग पुनरारंभाचा. जँगोचा विकासकालीन सर्व्हर फाइलींवर लक्ष ठेवतो आणि एखादी बदलताच स्वतः नव्याने सुरू होतो. साहजिकच स्मृतीत जे काही होते ते पुसले जाते. दुसरा मार्ग प्रत्येक मागणीस मजकूर नव्याने वाचण्याचा. ओपनरेस्टीत तशी सोय आहे, परंतु ती मंद असल्याने विकासापुरतीच वापरावयाची. तिसरा मार्ग चालत्या प्रक्रियेतच एक भाग काढून दुसरा बसविण्याचा, आणि येथे प्रश्न भाषाशास्त्राच्या प्रांतात शिरतो.

‘हे पत्र कुलगुरूंना द्या’ असे शिपायास सांगितले आणि वाटेतच कुलगुरू बदलले, तर पत्र कोणास द्यावयाचे? ‘कुलगुरू’ हा शब्द निघतेवेळी त्या पदावर असलेल्या व्यक्तीस चिकटला असेल तर जुन्यांस. पोचतेवेळी त्याचा अर्थ लावावयाचा असेल तर नव्यांस. पायथनमध्ये एखादे मॉड्यूल पुन्हा वाचविले, तरी दुसऱ्या फाइलीने त्यातून आधीच उचलून घेतलेले नाव जुन्याच व्याख्येकडे बोट दाखवीत राहते आणि पूर्वी निर्माण झालेल्या वस्तू जुन्याच वर्गाच्या राहतात. अर्धे यंत्र नवी भाषा बोलते, अर्धे जुनी, आणि चूक झाल्याची सूचना कोणीच देत नाही. आमच्या मते पुनर्वाचनातील खरा धोका हाच. मजकूर वाचणे ही त्या मानाने किरकोळ बाब आहे.

एरिक्सन कंपनीत १९८६ पासून घडत गेलेल्या एरलँग भाषेने हा पेच उघडपणे स्वीकारला. टेलिफोनचे केंद्र बंद करून दुरुस्ती करणे परवडणारे नव्हते. तेथे एका मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या, नवी व जुनी, एकाच वेळी नांदू शकतात. मॉड्यूलचे नाव घेऊन केलेली हाक नव्या आवृत्तीकडे जाते. नाव न घेता केलेली अंतर्गत हाक आपल्याच आवृत्तीत राहते. ‘कुलगुरू’ शब्दाचा अर्थ केव्हा लावावयाचा, हे येथे लिहिणारा वाक्यरचनेनेच ठरवितो. तिसरी आवृत्ती येण्यापूर्वी सर्वांत जुनी काढून टाकावी लागते व तिच्यात अडकून राहिलेल्या प्रक्रिया संपविल्या जातात.

एन्जिनएक्सची रीत अधिक साधी. पुनर्वाचनाची खूण मिळताच तो नवे कामकरी उभे करतो. जुने कामकरी हातातील मागण्या पूर्ण करून निवृत्त होतात. एका मागणीपुरते हे निर्दोष आहे. परंतु समजा, एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल कारखान्याच्या संकेतस्थळावर व्यापारी सकाळी माल निवडतो, दुपारी सवलतीची स्क्रिप्ट बदलते आणि सायंकाळी तो पैसे भरतो. प्रत्येक मागणी आपापल्या जागी बिनचूक. बेरीज मात्र एका नियमाने दाखविलेली आणि दुसऱ्या नियमाने आकारलेली. हे काम मागण्यांच्या सीमा ओलांडून जाते. म्हणून नियमाचा आवृत्तीक्रमांक ऑर्डरबरोबरच नोंदवून ठेवावा लागतो आणि ती ऑर्डर पूर्ण होईपर्यंत जुनी स्क्रिप्ट जपावी लागते. मागावरही माळ वाटेल तेथे बदलून चालत नाही: एका चादरीचा काठ पुरा झाला आणि दुसरीचा सुरू व्हावयाचा आहे, तेथेच ती बदलावयाची.