धनुष्य चालते, शिकार नाही : कायदा आणि जंगलाच्या हक्काचा लढा

बंगळुरूच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर तलाव हा त्या शहरातील सर्वांत मोठा तलाव आहे. सभोवती माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि उंच निवासी संकुले उभी राहिली असली, तरी पाणपक्षी तेथे अजूनही उतरतात. या परिसरात राहणाऱ्या एखाद्या तरुणाने सरावासाठी धनुष्य विकत घेतले, तर त्यासाठी सर्वसाधारणपणे परवाना लागत नाही. मात्र त्याच धनुष्यातून त्याने एखाद्या संरक्षित पक्ष्यावर बाण सोडला, तर नेम चुकला तरी तो गुन्हेगार ठरतो.

भारतीय कायद्याची भूमिका थोडक्यात अशी आहे. धनुष्याला त्याचा विरोध नाही. विरोध आहे तो शिकारीला. शहरी खेळाडूला हा भेद सहज मान्य होतो. ज्या समाजांचे जगणे पिढ्यान्‌पिढ्या धनुष्य, जाळे किंवा फाशावर अवलंबून होते, त्यांच्यासाठी मात्र या भेदाने उपजीविकाच बदलून टाकली. त्यातूनच जंगलाच्या हक्कांसाठी गावपातळीवरून उभ्या राहिलेल्या लढ्यांना बळ मिळाले.

शस्त्र कायद्यात धनुष्य

इंग्रज सरकारने १८७८ मध्ये केलेल्या शस्त्र कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत बंदुका, तलवारी आणि भाल्यांबरोबर धनुष्यबाणाचाही स्पष्ट उल्लेख होता. त्यामागे पार्श्वभूमी होती. १८५७ च्या उठावाच्या काळात खानदेशात खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी इंग्रजांना झुंजवले होते, आणि भिल्लांचे मुख्य शस्त्र तीरकामठा हेच होते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये आलेल्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत धनुष्यबाणाचे नाव उरले नाही. तथापि ते पूर्णपणे निर्बंधमुक्त झाले, असेही नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ नुसार शांतताभंगाची शक्यता असेल तेव्हा शस्त्रे, लाठ्या तसेच फेकण्याची अस्त्रे व ती फेकण्याची साधने बाळगण्यास मनाई करता येते. धनुष्य या शब्दांच्या कक्षेत सहज येते. एखाद्या जिल्ह्यात असा आदेश लागू असताना मोर्चात तीरकामठा घेऊन येणे त्यामुळे अडचणीचे ठरू शकते.

१९७२ चे वळण

खरा निर्णायक बदल घडवला तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने. या कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या अतिशय व्यापक आहे. मारणे, पकडणे, विष घालणे, सापळा लावणे, हाकारा करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व शिकारीत मोडते. साधन कोणते वापरले याला महत्त्व नाही. बंदूक, बाण आणि फासा कायद्याच्या दृष्टीने सारखेच.

आरंभी या कायद्यात परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करण्याची व ते पकडण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. त्यानंतर आत्मसंरक्षण, माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका ठरलेला प्राणी, शिक्षण व संशोधन असे मोजकेच अपवाद राहिले. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची संख्या सहावरून चारवर आणली आणि दंडाची रक्कम वाढवली. शिकारबंदीचे मूळ तत्त्व कायम राहिले.

या कायद्याने पारंपरिक शिकारीचा हक्क केवळ निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवला. तेथील प्रशासनाने १९६७ मध्ये काढलेल्या अधिसूचनेचा आधार त्यासाठी कलम ६५ मध्ये घेण्यात आला. मुख्य भूमीवरील भिल्ल, संथाळ, सोलिगा किंवा पारधी यांच्यासाठी अशी तरतूद झाली नाही.

अमेरिकेतील वेगळी वाट

योगायोगाने १९७२ हेच वर्ष अमेरिकेतही महत्त्वाचे ठरले. तेथे बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवणारा कायदा १९३७ पासून होता. १९७२ मध्ये धनुर्विद्येच्या साहित्यावरही ११ टक्के कर लावून त्याचे उत्पन्न याच कामासाठी देण्याचे ठरले.

त्याआधी, १९३४ मध्ये, विस्कॉन्सिन राज्याने धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू केला होता. असे हंगाम मिळावेत, टिकावेत यासाठी तेथील धनुर्धारी शिकाऱ्यांच्या संघटना राज्य सरकारांकडे पाठपुरावा करत आल्या आहेत. त्यांच्यासाठी शिकार हा छंद आहे आणि त्यांची मागणी हंगामापुरती असते. भारतातील प्रश्न छंदाचा नाही. येथील समाजांना आधी आपण जंगलाचे रहिवासी आहोत, हेच सरकारदरबारी सिद्ध करावे लागले.

वनहक्क कायद्यातील एक वाक्य

मे २००२ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने वनजमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. अनेक राज्यांत आदिवासींच्या झोपड्या आणि शेते उद्ध्वस्त झाली. त्याविरोधात वेगवेगळ्या राज्यांतील आदिवासी संघटना एकत्र आल्या आणि गावोगावच्या सभा, मोर्चे व संसदेकडे पाठपुरावा यांतून डिसेंबर २००६ मध्ये वनहक्क कायदा संमत झाला.

या कायद्याने कसण्याची जमीन, गौण वनोपज, चराई, मासेमारी आणि सामूहिक वनसंपत्तीचे व्यवस्थापन असे अनेक हक्क मान्य केले. यादीच्या शेवटी इतर पारंपरिक हक्कांनाही जागा दिली. परंतु त्याच वाक्यात वन्य प्राण्यांची शिकार करणे, त्यांना सापळ्यात पकडणे किंवा त्यांच्या शरीराचा भाग काढणे हा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला. जंगल परत मिळाले, शिकार मिळाली नाही. कायद्याच्या मसुद्यावर वन्यजीवप्रेमी आणि आदिवासी संघटना यांच्यात तीव्र वाद सुरू असताना या वगळण्यामुळे विरोधाची एक मोठी धार बोथट झाली.

या चौकटीत काय साधता येते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवले. सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाल्यावरही बांबूची वाहतूक करण्याचा परवाना गावाच्या हाती नव्हता. ग्रामसभेने आग्रह सोडला नाही आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत तो अधिकार ग्रामसभेकडे आला.

त्याच वर्षी कर्नाटकातही महत्त्वाची घटना घडली. बंगळुरूच्या दक्षिणेस असलेल्या चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरी रंगनाथस्वामी डोंगरांत सोलिगा आदिवासी राहतात. १९७४ मध्ये अभयारण्य झाल्यानंतर त्यांची शिकार आणि फिरती शेती थांबली होती. पुढे विक्रीसाठी वनोपज गोळा करण्यावरही निर्बंध आले. जानेवारी २०११ मध्ये हे जंगल व्याघ्र प्रकल्प घोषित झाले. सोलिगांच्या संघटनेने ग्रामसभांमार्फत दावे दाखल केले आणि त्याच वर्षी २५ ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मान्य होण्याचे हे देशातील पहिले उदाहरण मानले जाते.

प्रथा आणि न्यायालय

जेथे शिकार हा सणाचा भाग आहे, तेथे संघर्ष अधिक टोकदार आहे. झारखंडमधील दलमा अभयारण्यात आणि पश्चिम बंगालच्या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात धनुष्यबाण, भाले घेऊन सामूहिक शिकारीला जाण्याची प्रथा आहे. संथाळ परंपरेत या शिकारीला आणखी एक अर्थ होता. शिकारीच्या रात्री जंगलात भरणारी सभा ही समाजाची सर्वोच्च न्यायसभा मानली जाई. गावाच्या पंचांकडे न सुटलेले तंटे तेथे सुटत. शिकारीवर बंदी आली की या सभेलाही धक्का बसतो, असे समाजातील अनेकांना वाटते.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. एप्रिल २०१८ मध्ये, शिकारीच्या सणांच्या दिवसांत, पश्चिम बंगालमधील लालगढच्या जंगलात एक वाघ भाल्याच्या जखमांनी मरण पावलेला आढळला. या सामूहिक शिकारींविरुद्ध स्थानिक प्राणिप्रेमी संस्थेने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने त्या रोखण्याचे आदेश राज्य सरकारला दिले. शिकारीविना सण साजरा करावा, यासाठी वन विभाग आता गावोगावी समजूत घालतो.

कौशल्याचे पुढे काय?

शिकारबंदीनंतर नेमबाजीचे कौशल्य काही जणांना क्रीडांगणाकडे घेऊन गेले. धनुर्विद्या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पुनरागमन करती झाली. राजस्थानातील आदिवासी कुटुंबात जन्मलेले लिंबाराम लहानपणी बांबूच्या धनुष्याने पक्षी टिपत. त्यांनी १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. परंतु अशी संधी मोजक्यांनाच मिळते; संपूर्ण समाजाला खेळ रोजगार देऊ शकत नाही.

बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा परिसरात वसलेल्या हक्की-पिक्की समाजाचा अनुभव याची साक्ष देतो. कन्नडमध्ये हक्की म्हणजे पक्षी. नावाप्रमाणेच हा पक्षी पकडणारा समाज. त्यांची वागरी बोली गुजरातीला जवळची असून महाराष्ट्रातील पारध्यांशी त्यांचे नाते सांगितले जाते. शिकार थांबल्यावर त्यांतील अनेकांनी वनस्पतींची तेले आणि औषधे विकण्याचा व्यवसाय धरला. त्यासाठी ते आफ्रिकेपर्यंत जातात. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध भडकले, तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीयांत कर्नाटकातील हक्की-पिक्की कुटुंबांचा समावेश होता.

विदर्भातील अकोला-वाशीम भागात वेगळा प्रयत्न झाला. तेथील काही फासेपारधी गावकऱ्यांनी तणमोर या दुर्मीळ पक्ष्यासाठी गवताळ माळराने राखण्याचे काम हाती घेतले. पक्षी कोठे अंडी घालतो, कोणत्या गवतात लपतो, हे ज्ञान पूर्वी त्याला पकडण्यासाठी उपयोगी पडे. आता तेच त्याला वाचवण्यासाठी वापरले जाते.

तथापि अशा प्रयत्नांचा पाया म्हणजे जमिनीवरचा हक्क, आणि तोच अद्याप डळमळीत आहे. वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला होता. देशभरातून विरोध झाल्यानंतर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली गेली का, याचा फेरआढावा घेण्याची जबाबदारी राज्यांवर आली. शिकारीचा हक्क सोडून दिलेल्या समाजांना त्या बदल्यात मिळालेले जंगल टिकेल की नाही, हे त्या फेरआढाव्यांवर आणि ग्रामसभांच्या चिकाटीवर अवलंबून आहे.