श्रमिकांच्या वस्तीतील घरचा शौचकूप

पिंपरी व चिंचवड ही एकेकाळी पुण्यानजीकची लहान गावे. 1954 साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, पुढे मोटारींचे कारखाने आले आणि 1982 साली महानगरपालिका झाली. कारखान्यांना हात हवे होते. त्या हातांना निवारा कोठून मिळावा, याचा विचार मात्र कोणी वेळीच केला नाही. अनेकांनी मिळेल त्या जागी पत्रे ठोकून संसार थाटले.

अशा वस्तीत सार्वजनिक शौचकूप दूर व बहुधा घाण. स्त्रिया अंधार पडण्याची वाट पाहतात, दिवसा पाणी पिण्याचेही टाळतात. वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांनी पुण्यात 1993 साली सुरू केलेल्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेची यावरील रीत पिंपरी-चिंचवडमध्येही अवलंबिली गेली. प्रथम घर न् घर मोजून नकाशा करावयाचा, म्हणजे भुयारी गटार कोठवर आले आहे ते दिसते. मग सामान संस्थेने दारी पोचवावयाचे व बांधण्याचा खर्च कुटुंबाने सोसावयाचा. फुकट न देण्यातच शहाणपण आहे; घरचा पैसा गेलेली खोली सहसा अडगळीची होत नाही.

परंतु चुलीपासून चार हातांवर शौचकूप, हा विटाळ बाहेरच्या सुशिक्षिताने कितीही समजाविले तरी मनातून जात नाही. तेथे गल्लीतील जाणत्या बायकाच उपयोगी पडतात. त्या शेजारणीस आपल्या घरी नेऊन बांधलेले दाखवितात, सासूची समजूत घालतात. वयात आलेल्या मुलीच्या आईस फार सांगावे लागत नाही. जेथे भुयारी गटारच पोचलेले नाही, तेथे मात्र त्यांचाही इलाज चालत नाही. ते काम महानगरपालिकेनेच करावयाचे असते.