परीक्षेवर प्रवेश

मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने प्रवेश नाकारला, कारण त्या स्त्री होत्या. संचालक सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभर काम पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. इतरांच्या वर्तनाचा भार विद्यार्थिनीवर टाकणारी ही अट सर्वांत अन्यायाची. त्या टिकल्या आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतिपेशींतही पेशीश्वसनातील सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते, हे त्यांनी दाखवले; १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र उशिराच लाभले.