पोहण्याच्या पोशाखाचे अर्थशास्त्र

१९३८ साली हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट पडद्यावर आला. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचे आणि नायिका मीनाक्षी शिरोडकर. एका गाण्यात ही नायिका पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरली, आणि त्या काळच्या मराठी पांढरपेशा समाजात मोठा गहजब झाला. चित्रपट अर्थातच तुफान चालला. या प्रसंगाची आठवण आजही चवीने सांगितली जाते. परंतु त्यातला खरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मराठी माणसाने पाण्यात उतरलेली, वस्त्र आवरून घेतलेली स्त्री तोपर्यंत पाहिलीच नव्हती काय?

कोकणपट्टीत तरी ती रोज दिसत होती. जामसंड्याच्या परिसरात, देवगडच्या खाडीत ओहोटी लागली की बाया लुगड्याचा काष्टा गुडघ्याच्या वर घट्ट खोवून कालवे काढण्यासाठी चिखलापाण्यात उतरत. किनाऱ्यावर रापण ओढणारे पुरुष लंगोटीवर असत. त्या उघड्या पोटऱ्यांनी कोणाची संस्कृती धोक्यात आली नाही. कारण ते अंग राबणारे होते, आणि राबणाऱ्या अंगाकडे पाहण्याची सवड व गरज प्रतिष्ठितांना नसते. ‘ब्रह्मचारी’तील नायिका पाण्यात काही काढायला गेली नव्हती; ती मौजेखातर गेली होती. स्त्रीने स्वतःच्या आनंदासाठी शरीर वापरावे, हीच गोष्ट नवी होती व तीच बोचली.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली रिकामटेकड्या श्रीमंत वर्गावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पोशाखावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. उंची वस्त्र हे मुख्यतः ‘मला श्रम करावे लागत नाहीत’ अशी जाहिरात असते, असा त्याचा अभिप्राय. क्रीडावस्त्राला हा न्याय लावला तर बरेच काही उलगडते. खेळ ही फावल्या वेळाची निर्मिती आहे, आणि फावला वेळ ज्या क्रमाने समाजात खाली झिरपतो, त्याच क्रमाने खेळाचा पोशाखही झिरपतो. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या चार मुली होत्या : धावपटू मेरी डिसूझा व निलिमा घोष, जलतरणपटू डॉली नाझीर व आरती साहा. आरतीचे वय तेव्हा अवघे अकरा वर्षांचे होते. पुढे २९ सप्टेंबर १९५९ रोजी तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली. तो मान मिळविणारी ती आशियातील पहिली स्त्री. या मुली मुंबई-कलकत्त्याच्या होत्या हा योगायोग नव्हे. तलाव, शिक्षक आणि विरोध न करणारे घर या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचा संभव त्या वेळी मोठ्या शहरातच होता.

पोशाखाला कापडाचाही एक इतिहास असतो. या शतकापूर्वीच्या शतकारंभी युरोपात पोहण्याचे पोशाख लोकरीचे असत. भिजले की ते पोहणाऱ्यालाच खाली ओढीत. नायलॉन आले, १९५८मध्ये ताणले जाणारे स्पॅन्डेक्स सूत निघाले, आणि पोशाख अंगासरशी बसू लागला. २००८-०९मध्ये तर पॉलियुरेथीनच्या पोशाखांनी विक्रमांचा असा पाऊस पाडला की १ जानेवारी २०१०पासून त्यांवर बंदी घालावी लागली. आपल्याकडे याच कृत्रिम धाग्याने वेगळी किमया केली. कोकणातला चाकरमानी गिरणगावात ज्या सुती कापडावर जगत होता, त्याची सद्दी १९८२च्या संपानंतर संपली. आज त्याचा नातू गावच्या टेनिस चेंडूच्या सामन्यात पॉलिएस्टरची रंगीत जर्सी घालतो. पाठीवर त्याचे नाव, छातीवर पुरस्कर्त्याचे. खेळाडूचे अंग हे जाहिरातीचा फलक झाले, हे क्रिकेटने शिकविले व वाडीपर्यंत पोहोचले. ज्या मालवण-तारकर्लीच्या समुद्रात बाप लंगोटीवर जाळे टाकी, तिथे मुलगा रबरी पोशाख चढवून पर्यटकाला समुद्रतळ दाखवितो. यात मला खंत करण्यासारखे काही दिसत नाही. मिळकत अधिक आहे आणि अंगाला ऊबही.

मात्र ज्याला हा पोशाख परवडत नाही तो खेळत नाही, असेही नाही. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे पतीच्या उपचारासाठी नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या व त्यांच्या वयोगटात पहिल्या आल्या. त्यांच्यावर २०२०मध्ये चित्रपटही निघाला. आपण त्या लुगड्याचे कौतुक केले. त्यामागच्या दवाखान्याच्या खर्चाविषयी तेवढे बोललो नाही.

पोशाख आखूड झाला म्हणजे स्त्री मुक्त झाली, असे मानणाऱ्यांनी २०२१ सालाकडे पाहावे. नॉर्वेच्या स्त्रियांच्या समुद्रकिनारी हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी अर्धी चड्डी घातली, म्हणून संघाला १५०० युरो दंड झाला. त्याच उन्हाळ्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मन जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्या. इकडे २००५मध्ये सानिया मिर्झाच्या स्कर्टवर धर्मगुरूंनी आक्षेप घेतला होता. एकाला कापड कमी हवे, दुसऱ्याला जास्त. जिच्या अंगावर ते चढायचे तिला विचारण्याची रीत दोघांनाही ठाऊक नव्हती. हँडबॉलचा तो नियम बदलला गेला, पण टीकेचा भडिमार झाल्यावर.

आता आपल्या किनाऱ्याकडे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर अलीकडे सागरी जलतरणाच्या स्पर्धा भरतात व मुलीही त्यांत भाग घेतात. हे चित्र सुखद आहे, पण ते तयार पोहणाऱ्यांचे आहे. आपल्या किनारी गावांत समुद्राच्या हाकेच्या अंतरावर वाढलेल्या कितीतरी मुलींना पोहता येत नाही. सातवी-आठवीनंतर ‘काय घालून पोहणार?’ या एका प्रश्नापाशी गोष्ट थांबते. मग पाण्यात उतरायचे तर सलवार, कुडता आणि ओढणी यांसह. सुती कापड पाणी पिऊन जड होते, ओढणी हातापायांत गुंतते. एप्रिल २०१६मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावचे आठ विद्यार्थी बुडाले. डिसेंबर २०२३मध्ये देवगडला पुण्याकडून सहलीस आलेले तरुण बुडाले, त्यांत मुली होत्या. या दुर्घटनांचा दोष कपड्यांवर टाकता येणार नाही. पोहण्याचे शिक्षण ही आपल्याकडे किती दुर्मीळ वस्तू आहे एवढे मात्र त्यांतून दिसते.

पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, पाण्याने जड न होणारा पोशाख आज बाजारात मिळतो. किनाऱ्यावरच्या माध्यमिक शाळांनी असे वीस-पंचवीस पोशाख लहान-मोठ्या मापांत क्रीडासाहित्याच्या खर्चातून घ्यावेत, चेंडू-फळी आणि जर्सी यांच्या शेजारच्या रकान्यात त्यांची नोंद करावी, आणि आठवड्यातून दोन तास मुलींना शिक्षिकेच्या देखरेखीखाली पाण्यात उतरवावे. आखूड की लांब, हे मुलींनी व त्यांच्या आयांनी ठरवावे.