प्लेटलेट वाढल्या तर?
डेंग्यूमुळे प्लेटलेट घटण्याची धास्ती घरोघरी पोचली आहे. वाढण्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण १.५ ते ४.५ लाख असतात. कर्करोगाच्या काही गाठी इंटरल्युकिन-६ हे रसायन सोडतात. त्याने यकृतात थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक वाढतं आणि अस्थिमज्जा जादा प्लेटलेट तयार करू लागते. या प्लेटलेट कर्करोगपेशींना चिकटून त्यांना प्रतिकारपेशींपासून लपवतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचारांआधीच आकडा चढा असेल, तर आजार चिवट निघण्याची शक्यता अधिक. पण घाई नको! सततच्या रक्तस्रावाने लोह घटलं तरी प्लेटलेट वाढतात, आणि या आजारात रक्तस्राव तर नेहमीचाच. नुसत्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, कर्करोगाचं निदान होत नाही. पॅप किंवा एचपीव्ही चाचणीत संशय आला, तर खात्री बायोप्सीनेच होते.