उजेडाच्या हुकुमाने

नबाब आसफउद्दौला यांच्या लखनौतील कोंबड्यांच्या झुंजीचे जे चित्र योहान झोफानी या चित्रकाराने काढले, त्यात नबाब आहेत, कंपनीचे अंमलदार आहेत आणि झुंजणारे नर आहेत. परंतु त्या झुंजार असील जातीची मादी, जी लखनौकडे आजही काही आंगणांत खुराड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते, तिचा रोजनामा कोणी लिहून ठेवला नाही, आणि माझ्या मते तोच अधिक वाचनीय आहे.

पौषातल्या धुक्यात, लखनौचा दिवस जेमतेम साडेदहा तासांचा उरला असता, ही कोंबडी अंडी देईनाशी होते, आणि घरधनीण दाण्यात कसूर झाली की थंडी बाधली याचा विचार करीत बसते. वास्तविक हुकूम उजेडाचा असतो, आणि तो केवळ डोळ्यांवाटे पोहोचतो असेही नाही. १९३५ च्या सुमारास झाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग करून दाखविले की, दृष्टी गेलेल्या पक्ष्याच्या प्रजननग्रंथीही प्रकाशाने वाढीस लागतात. कारण कवटीतून झिरपलेला उजेड थेट मेंदूतील पेशींना जाणवतो, तेथून पीयूषिका ग्रंथीस वर्दी जाते आणि तिच्या संप्रेरकांनी अंडाशय जागे होते. म्हणूनच फाल्गुन-चैत्रात दिवस बारा तासांपुढे सरकला, की फिकट तुरा लालभडक होतो आणि तलंगा अंड्यावर येतात. एक अंडे सिद्ध होण्यास सुमारे पंचवीस तास लागतात, त्यांतले वीस कवचाकडेच जातात. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे ढळते आणि अखेर एका दिवसाचा खाडा पडतो.

ज्येष्ठातली लू मात्र या शिरस्त्यात बिघाड करते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सुटे धरून ती धापा टाकते, तेव्हा श्वासाबरोबर कर्बद्विप्राणील वायू अतोनात निघून जातो, कवचाच्या चुन्यास लागणारे रक्तातील द्रव्य घटते, आणि अंडे इतक्या पातळ कवचाचे निघते की बोटांच्या दाबानेच तडकावे. सावलीतले गार पाणी आणि शिंपल्यांचा चुरा, एवढा बंदोबस्त तेव्हा अवश्य करावा.

पुढे शरदात दिवस आखडतो आणि पिसे झडू लागतात. नवी पिसे बहुतांशी प्रथिनांचीच बनतात. ती घडविताना अंड्यांची उस्तवार देहाला झेपत नाही. मानेवर निळसर कोंब फुटलेली ती विरूप कोंबडी निरुपयोगी समजून पुष्कळ जण बाजारात धाडतात, याचे मला फार वाईट वाटते. तिला डाळीचा भरडा थोडा अधिक घालावा, आणि दिवस वाढेपर्यंत थांबावे.